एकेरी मार्ग आणि अविभाज्य क्रिया : ‘परम’ संगणकांच्या इतिहासाचा एक पैलू

पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने (स्थापना १९८८) घडविलेल्या ‘परम’ संगणकांचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांनी सांगितला जातो. परंतु अनेक प्रक्रियक एकत्र आणले की वेगाबरोबर एक अडचणही वाढते : एकाच वस्तूला अनेकांचे हात लागतात. या अडचणीचा परिहार कसा झाला, हे पाहिल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्नाचे स्वरूप बीड जिल्ह्यातील वाचकास परळी वैजनाथच्या रेल्वेमार्गावरून सहज कळेल. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत रूढ झाली. दोन स्थानकांमधील खंडाचे टोकन ज्या चालकाच्या हाती, त्यानेच गाडी पुढे न्यावयाची. दोन्ही टोकांची यंत्रे विजेने अशी जोडलेली असत की एक टोकन बाहेर येताच दुसरे निघू नये. घेणे आणि अटकाव होणे या दोहोंत फट नसे. सारे मर्म तेथेच आहे.

संगणकात ही फट कशी घातक ठरते ते पाहू. स्मृतीतील एका मोजणीचा आकडा ७ आहे. दोन प्रक्रियक तो वाचतात, प्रत्येक जण त्यात १ मिळवितो व ८ लिहितो. उत्तर ९ यावयास हवे होते. एक नोंद गहाळ झाली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असे घडल्यास एकच स्मृतिखंड दोन कामांना दिला जाण्याचाही संभव असतो.

डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली केवळ वाचन व लेखन यांवर आधारलेली परस्पर-वर्जनाची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी योजिलेली ‘सेमाफोर’ ही संज्ञा रेल्वेच्या सिग्नलवरूनच आलेली होय. तथापि त्या रीतीतही एकेक वाचन व एकेक लेखन अविभाज्य आहे, हे गृहीत धरावेच लागते. युक्ती कितीही सूक्ष्म असो, तिच्या तळाशी यंत्राने पाळावयाचे एक वचन असतेच. आयबीएमच्या ३६० मालिकेत ‘तपासा आणि लावा’ व पुढे ३७० मालिकेत ‘तुलना करून बदला’ या आज्ञांनी ते वचन अधिक समर्थ केले.

१९९१ च्या ‘परम ८०००’ ने मात्र निराळी वाट धरली. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र असून व्यवहार संदेशांनी चाले. सामाईक स्मृतीच नाही, तेव्हा तिच्यासाठी भांडणही नाही. पण त्याचे मोल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिले. सामग्रीची वाटणी त्यालाच करावी लागे.

१९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये टाळलेला प्रश्न परत आला. त्याचे घटक सन कंपनीचे सर्व्हर होते. एकेका घटकात एकाहून अधिक अल्ट्रास्पार्क-२ प्रक्रियक एकच स्मृती वापरीत. त्यांच्या आज्ञासंचात तुलना करून बदलण्याची अविभाज्य आज्ञा होती, आणि सोलारिसचा कर्नल अनेक लहान कुलुपांनी रक्षिलेला होता. घटकाघटकांत मात्र संदेशच राहिले.

कुलुपे लहान का, याचे उत्तर लिनक्सच्या इतिहासात मिळते. १९९६ च्या २.० या आवृत्तीत अनेक प्रक्रियकांचा आधार आला, तो संपूर्ण कर्नलवर एकच मोठे कुलूप ठेवून. जणू सारा मार्ग एकच खंड! सुरक्षितता साधली, पण गाड्या खोळंबल्या. खंड तोडीत तोडीत ते कुलूप २०११ साली सर्वस्वी काढले गेले.

यावरून असे दिसते की ‘परम’च्या टप्प्यांची विभागणी केवळ वेगावरून न करता, कोणती वस्तू सामाईक ठेवली आणि तिच्या रक्षणाचा भार कोणी वाहिला, यावरूनही केली पाहिजे. १९९१ साली तो भार प्रोग्रॅमरवर होता. १९९८ साली त्याचा काही अंश यंत्राने व कर्नलने उचलला. वेगाच्या आकड्यांत हे स्थित्यंतर उमटत नाही.