डिकसळच्या पुलावरून परळला

मे महिना. उजनी धरणाचं पाणी मागे सरलंय आणि तुम्ही करमाळा तालुक्यातल्या कोंढार चिंचोलीच्या काठावर उभे आहात. भेगाळलेल्या गाळाशी होड्या लागल्यात, जाळ्यात चिलापी तडफडतेय, समोर डिकसळचा जुना दगडी पूल. शेजारी गळ्यात तुळशीची माळ घातलेली आजी बसलीय. तिच्या तळपायांना सारख्या मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी तिला कळत नाही, जीभ लाल गुळगुळीत झालीय. "रगत कमी हाय म्हणत्यात," ती सांगते. ताकदीची सुई घेऊन झाली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. तालुक्याला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आज संध्याकाळी यायचाय.

तोवर पुलाकडे बघा, काळ उलटा फिरतोय. 1980 मागे पडलं, धरण पुरं व्हायचंय. 1969 मागे पडलं, कामालाही सुरुवात नाही. खाली आता नुसती भीमा वाहतेय, दोन्ही तीरांना ज्वारीची रानं. पुलावरून आगगाडी धडधडत येतेय. साल 1930. चढा, गाडी पुण्यावरून मुंबईला जाते.

परळला हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये लंडनहून आलेली एक डॉक्टरीण सूक्ष्मदर्शकावर वाकलीय. लूसी विल्स, वय बेचाळीस. 1928 मध्ये ती इथे आली ती एका प्रश्नासाठी: गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाया रक्त आटून का मरतायत? ती बाजूला सरकते, तुम्ही डोळा लावा. तांबड्या पेशी मोजक्याच दिसतात, पण एकेक नेहमीपेक्षा मोठी. लोह कमी पडलं की पेशी बारीक आणि फिकट होतात, म्हणजे हे दुखणं निराळं. विल्स या बायांच्या घरात शिरते, त्या काय शिजवतात ते बघते, तसंच अन्न उंदरांना देते. उंदरांचंही रक्त उतरतं. अन्नात यीस्ट मिसळलं की सावरतं. मग यीस्टच्याच अर्काचा, काळ्या, चिकट, खारट मार्माइटचा चमचा एका रोगिणीच्या तोंडाशी जातो. थोड्या दिवसांत तिला भूक लागते आणि रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींचं पीक येतं. 1931 मध्ये विल्स हे छापते.

पण लगेच परतू नका, चार-सहा वर्षं पुढे या. तिकडे बॉस्टनला मिनो आणि मर्फी या डॉक्टरांनी 1926 सालीच रोज पाव किलो कलेजी खायला घालून मरणाच्या दारातले रोगी उठवले होते. तो आजार दुसऱ्या प्रकारचा, पेशी मात्र अशाच मोठ्या. आता कलेजीच्या अर्काची सुई निघालीय. विल्स तो शुद्ध केलेला अर्क आपल्या रोगिणींवर वापरून बघते. उपयोग होत नाही. या सगळ्या कहाणीत ही न लागू पडलेली सुई मला सर्वांत मोलाची वाटते. पेशी दिसायला सारख्या असल्या तरी उणीव दोन वेगळ्या गोष्टींची असू शकते, हे त्या सुईने दाखवलं. यीस्टमधली गोष्ट पुढे फोलिक ॲसिड ठरली, 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळी काढलेली. कलेजीतली 1948 मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकदमच हाती आली: बी-12, माणकासारखे लाल स्फटिक, प्रत्येक रेणूच्या पोटात कोबाल्टचा एक अणू.

हे जीवनसत्त्व ना भाजीत तयार होतं ना ज्वारीत. ते जंतूच बनवतात. गाईम्हशींच्या पोटातल्या जंतूंकडून ते दुधात उतरतं, माशांत साठतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1990च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-12 कमी निघालं, फोलिक ॲसिडची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. परळला विल्सने जे पाहिलं, त्याच्या हे नेमकं उलट.

संध्याकाळ झाली, परत या. रिपोर्ट आलाय. हिमोग्लोबिन घसरलेलं, पेशी मोठ्या, बी-12 फारच कमी. दारात माशांनी भरलेलं पाणी, पण माळ घातलेली म्हणून आजी त्यांना शिवत नाही, आणि घरातलं दूध सगळं डेअरीला जातं. साधी उणीव असती तर गोळ्यांनीही भागलं असतं; पण पायांच्या नसा धरल्यात, म्हणून डॉक्टर सुई काढतात. लाल औषध, एक हजार मायक्रोग्रॅम, दंडाच्या स्नायूत. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. फोलिकची गोळी आत्ता नको म्हणतात. ती एकटीच दिली तर रक्त वर चढतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि आतल्या आत नसा खराब होत राहतात. लोहाची तपासणीही लिहून देतात, कारण या सुईतून लोह मिळत नाही.

"म्हंजी मासं खावं लागत्यात व्हय?" आजी घाबरून विचारते.

"नाही आजी, माळ राहू द्या. रोज वाटीभर दूध घरात ठेवा, आणि परवा सकाळी पुढच्या सुईला या. आठवड्याने रक्त पुन्हा बघू, नव्या पेशी वाढायला लागलेल्या दिसतील. मुंग्या कमी व्हायला मात्र महिने लागतील, तोवर सुई सोडू नका."