तरुण वयात हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलंय? होकार देण्याआधी हे समजून घ्या

विशी-पंचविशीत इकोचा रिपोर्ट हातात येतो. त्यावर ‘सिव्हिअर मायट्रल स्टेनोसिस’ असं लिहिलेलं असतं आणि डॉक्टर म्हणतात, झडपेचं काहीतरी करावं लागेल. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ऑपरेशन टाळता येईल का? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणती प्रक्रिया, कधी, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं कोणत्या औषधासोबत काढायची, हे तुमच्या वयात जास्त महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे तरुणांची झडप खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे लहानपणी आलेला र्‍हुमॅटिक ताप. ५ ते १५ वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एक सांधा सुजतो, तो उतरला की दुसरा धरतो. सांधे पूर्ण बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो. हा ताप पुन्हा पुन्हा आला तर व्रण वाढतो. अनेकांना तो ताप आठवतही नाही. काही जणांच्या महाधमनीच्या झडपेला जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. त्यांची गोष्ट वेगळी.

मायट्रल झडपेचं तोंड साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते १.५ किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर समजतात. तरीही ‘मला काही त्रास नाही’ असं बरेच जण सांगतात, कारण माणूस नकळत चाल कमी करतो. म्हणून मी वेगळं विचारतो : दोन वर्षांपूर्वी जोतिबाच्या पायऱ्या किती वेळा थांबून चढायचात, आणि आता? रात्री उशा किती लागतात? उत्तरं खरी द्या. ऑपरेशनची वेळ त्यावर ठरते.

प्रत्येक वेळी छाती उघडावी लागत नाही

झडप फक्त अरुंद झाली असेल, पाकळ्या लवचिक असतील, गळती फारशी नसेल आणि डाव्या कप्प्यात गुठळी नसेल, तर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते. एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. काही वर्षांनी झडप पुन्हा अरुंद होऊ शकते, पण तरुण वयात मिळालेली ती वर्षं फार मोलाची असतात. मुख्य दोष गळतीचा असेल तर ‘माझी झडप दुरुस्त होईल का?’ हे सर्जनना स्पष्ट विचारा. र्‍हुमॅटिक आजारात दुरुस्ती अवघड असते आणि तिथे सर्जनचा अनुभव मोजला जातो. दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

झडप बदलायचीच असेल तर दोन पर्याय असतात. धातू-कार्बनची यांत्रिक झडप दशकानुदशकं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला सहसा कायमची गोळी लागत नाही. मात्र ती साधारण १०-१५ वर्षांत झिजते, तरुणांत त्याहून लवकर, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जोखमीचं असतं. भारतीय बनावटीची यांत्रिक झडपही उपलब्ध आहे. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली ‘चित्रा’ झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जाते.

गोळीसोबत जगणं

वॉरफरिन किंवा अॅसेनोकुमारॉल ही गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची आणि आयएनआर ही रक्ततपासणी करत राहायची. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. सुरुवातीला वरचेवर, घडी बसली की बहुधा महिन्यातून एकदा तपासणी होते. तुमच्या गावापासून लॅब किती लांब आहे, हा प्रश्नही झडप निवडताना टेबलावर यायला हवा. नवी, ‘तपासणी न लागणारी’ रक्त पातळ करणारी औषधं यांत्रिक झडपेला चालत नाहीत. मेथी-पालक बंद करू नका, फक्त प्रमाण ठरावीक ठेवा. पाठ दुखली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणू नका, आणि कुणी सुचवलेला काढा सुरू करण्याआधी विचारा. झडपेची टिकटिक अचानक मंदावली, एकदम दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा हातातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

मुलींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

लग्न ठरताना हा आजार लपवला जातो आणि त्याची किंमत गरोदरपणात मोजावी लागते. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं. अरुंद झडपेला ते झेपत नाही आणि फुफ्फुसात पाणी साचतं. त्यामुळे गंभीर अरुंद झडपेचा इलाज शक्यतो गर्भधारणेआधीच करावा. वॉरफरिनमुळे सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं, पण भीतीपोटी गोळी स्वतःहून बंद केली तर यांत्रिक झडपेत गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. डोस किती आहे त्यावर गोळी चालू ठेवायची की काही आठवडे हेपॅरिनची इंजेक्शनं द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून मूल हवं असेल तर ते ऑपरेशनआधीच सर्जनना सांगा. अशा वेळी, पुन्हा ऑपरेशन लागेल हे स्वीकारून, ऊतीच्या झडपेचा विचार करता येतो. सासरच्यांनाही माहीत असू द्या. रोजची गोळी चोरून घेणं फार दिवस जमत नाही.

खर्चासाठी दागिने मोडण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार आणि इकोचा रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा. कोल्हापुरात सुरुवात सीपीआरपासून करता येईल.

ऑपरेशनआधी दात तपासून घ्या, किडलेले असतील तर उपचार करून घ्या आणि मिश्री सोडा. कृत्रिम झडपेवर दातातले जंतू बसले तर तो संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. पुढेही दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. आणि दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडप बदलली म्हणून संपत नाही, कारण उरलेल्या झडपा तुमच्याच आहेत. ते बहुधा वयाच्या चाळिशीपर्यंत, काहींना त्यानंतरही चालू ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर इंजेक्शन देणाऱ्याला आधी तसं सांगा आणि शेवटचा आयएनआर दाखवा.