पोटगी: पाचशे रुपयांची शेहेचाळीस वर्षं

आजचा भाग पोटगीवर आहे, आणि सुरुवात एका आकड्यापासून करू या: १७९ रुपये २० पैसे.

जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानो बेगम यांना दरमहा एवढी पोटगी मंजूर केली. लग्न १९३२ सालचं, पदरी पाच मुलं. १९७५ मध्ये पतीने घराबाहेर काढलं. पती वकील होते आणि त्यांचं वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या घरात आहे, असं शाहबानोंचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टाने तर महिना २५ रुपयेच दिले होते. हा खटला आपल्याला आठवतो तो धर्म आणि राजकारणामुळे. पण शाहबानोंनी मुळात मागितले किती होते? पाचशे. पाचशेच का? कारण कायद्याने त्याहून जास्त देताच येत नव्हते. आज या पाचशेचीच गोष्ट सांगायची आहे.

त्यासाठी १८६१ मध्ये जाऊ. त्या वर्षी इंग्रज सरकारने पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता केली. चोर, दरोडेखोर, वॉरंट, जामीन यांच्या त्या कायद्यात बायका-मुलांच्या पोटगीचं एक कलम होतं. ते तिथे का, हा प्रश्न रास्त आहे. १८७२ च्या सुधारित संहितेचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी उत्तर देऊन ठेवलं आहे: टाकलेल्या बायका-मुलांनी रस्त्यावर येऊन भटकू नये, म्हणून ही तरतूद. म्हणजे कलमाचा जन्म बाईच्या हक्कातून झाला नाही, सरकारच्या बंदोबस्तातून झाला. म्हणून रक्कमही तेवढीच. महिना जास्तीत जास्त पन्नास रुपये.

तरीही याच जागेमुळे एक चांगली गोष्ट घडली. लग्न आणि घटस्फोटाचे कायदे धर्माप्रमाणे वेगळे होते. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा कायदा, पारशांसाठी १९३६ चा. हिंदूंमध्ये अनेक जातींत काडीमोडीची रूढी होती, पण कायद्याने घटस्फोट मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये आला. फौजदारी संहिता मात्र धर्म विचारत नव्हती. बाई कुठल्याही धर्माची असो, तिला दंडाधिकाऱ्याचं एकच दार ठोठावता येत होतं.

आता आकडे पाहा. पन्नासाचे शंभर झाले १९२३ मध्ये. शंभराचे पाचशे झाले १९५५ मध्ये. त्या काळात पाचशे ही मोठी रक्कम होती. १९७३ मध्ये संहिता नव्याने लिहिली गेली आणि प्रसिद्ध कलम १२५ आलं. त्यात एक महत्त्वाचा बदल झाला. आधी तलाक दिला की पत्नीपण संपायचं आणि पोटगीही. नवऱ्याला ही सोपी पळवाट होती. नव्या कलमाने ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही धरली. वृद्ध आई-वडिलांनाही हक्क मिळाला. पण आकडा? पाचशेच राहिला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी थोडी वाट काढली. पाचशेची मर्यादा सगळ्या कुटुंबाला मिळून नाही, पत्नी आणि प्रत्येक मूल यांची वेगळी मोजायची, असा अर्थ त्यांनी लावला.

शाहबानो कोर्टात गेल्या त्याच वर्षी. अर्ज एप्रिलमध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला. इद्दतपुरतंच देणं लागतो, असा त्यांचा बचाव होता. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने तो फेटाळला. कलम १२५ सर्वांना लागू, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही. पुढचा गदारोळ आणि १९८६ चा वेगळा कायदा तुम्हाला माहीत आहे. या सगळ्या वादळात मोठमोठी भाषणं झाली. पाचशेच्या मर्यादेला मात्र संसदेने हात लावला नाही.

ती उठली २४ सप्टेंबर २००१ रोजी. १९५५ पासून मोजा, शेहेचाळीस वर्षं. या काळात पगार वाढले, घरभाडं वाढलं, शाळेची फी वाढली. संसदेच्या कायद्यात पोटगीची कमाल रक्कम तीच. आणि योगायोग असा की चारच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, दानियाल लतीफी खटल्याचा निकाल लागला. १९८६ चा कायदा कोर्टाने रद्द केला नाही. पण पतीने इद्दतीच्या आत पत्नीच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे, असा अर्थ लावला. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे. त्याच १ जुलैपासून हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आलं आहे.

मर्यादा गेली, म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. भिंत गेली आणि तिच्या जागी दोन कुंपणं उभी राहिली: वेळ आणि लपवलेलं उत्पन्न. २००१ च्या दुरुस्तीने अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा, असं सांगितलं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, २०१३ च्या अंतरिम पोटगीच्या अर्जावरचा वाद २०२० पर्यंत चालला. त्या निकालाने देशभरच्या कोर्टांना दोन गोष्टी बांधून दिल्या. दोन्ही पक्षांनी मिळकत, खर्च आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आणि पोटगी आदेशाच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून द्यायची.

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला, बेळगावला किंवा गोव्यात, हे कलम तुमच्यासाठी सारखंच आहे. म्हणून या इतिहासातून निघणाऱ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, अर्ज लांबवू नका. मोजणी त्या तारखेपासून होते. दोन, मुलाचा हक्क आईपेक्षा वेगळा आहे. आईची पोटगी एखाद्या कारणाने नाकारली गेली, तरी मुलाची त्यामुळे बुडत नाही. तीन, आदेश हातात आला आणि पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. थकबाकीदाराला तुरुंगात पाठवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे, पण अर्ज आपल्यालाच करावा लागतो.

शाहबानो १९९२ मध्ये गेल्या. पाचशेची मर्यादा उठलेली त्यांना पाहता आली नाही. भटकंती रोखायला केलेलं कलम आज हक्काचं झालं आहे, ते त्यांच्यासारख्या बायका पंचवीस रुपयांवर समाधान मानून घरी बसल्या नाहीत म्हणून.

पुढच्या भागात मुलांच्या ताब्याचा इतिहास पाहू.