खडी, सुकडी आणि 'फुकटखाऊ'

सोलापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक, खडी फोडण्याचे काम. आणि दुसरी, खडी फोडणारा खरोखरच उपाशी आहे काय याची चौकशी. पहिल्या गोष्टीच्या नोंदी सरकारी दप्तरात सापडतात. दुसरीचा इतिहास लिहिण्याची निकड आमच्या इतिहासकारांना फारशी वाटलेली नाही.

१८७६ साली पावसाने दगा दिला तेव्हा दख्खनमध्ये तलावांची आणि रस्त्यांची कामे निघाली. जिल्ह्यातला आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल याला पाहणीसाठी धाडले. माणशी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर मजुरी आणण्याचे धोरण त्याच्याच नावाने ओळखले जाते. दिवसभर माती उपसणाऱ्या देहाला ते पुरणारे नव्हते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. साहेबांनी मात्र वेगळाच अर्थ काढला : जो काम सोडू शकतो तो उपाशी नव्हताच! म्हणजे राबला तर मजुरी पुरेशी, आणि राबला नाही तर भूक खोटी. त्याच १८७७ मध्ये जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांना जेवू घालीत होते.

हा संशय केवळ इंग्रजांनी आणला असे मानणे भाबडेपणाचे होईल. गावगाड्यात तो आधीपासून मुरलेला होता. महाराने चोवीस तास सरकारची आणि गावाची कामे करायची आणि त्याचा मोबदला म्हणून बलुते घ्यायचे. पण ते घेताना दारात उभे राहून 'वाढा माय' म्हणायचे. श्रमाच्या मोबदल्याला भिकेचे रूप दिले की देणारा दाता ठरतो आणि राबणारा याचक. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गाठीवर घाव घालण्यासाठी. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले.

आणि मग १९७२. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. त्यात हातात पाटी घेतलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. जमीनदारांची बायकामुलेही नाइलाजाने कामावर आली. एका हजेरीपटावर महारवाडा आणि पाटीलवाडा! त्या दोन वर्षांत 'फुकटखाऊ' हा शब्द गावात फारसा ऐकू येत नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता. दया संपली, हक्क आला. तेव्हापासून कुरकुरही वाढली. बागायतदार म्हणू लागले, मजूर माजले. शहरातला पगारदार १९७५ पासून कापल्या जाणाऱ्या व्यवसायकराकडे बोट दाखवून म्हणू लागला, आमच्या पैशावर हे लोक बसून खातात. बसून? मजुरी तर खोदलेल्या मातीच्या मोजमापावर मिळत होती.

शिवाय त्या मातीचे झाले काय? बांधबंदिस्ती झाली ती जमीनवाल्याच्या शेतात, पाझर तलावाचे पाणी उतरले ते त्याच्याच विहिरीत. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबागांची जोड मिळाली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब पिकले. त्या अनुदानाला कोणी फुकटचे म्हटले नाही. त्याला विकास म्हणतात. छोट्या शेतकऱ्याला त्यातून बळ मिळाले हे खरेच, पण भूमिहीनाने रोप लावायचे कुठे? निराधार म्हातारी मात्र तुटपुंज्या पगारासाठी आपले दारिद्र्य दाखले जोडून सिद्ध करीत फिरते.

माझ्या आईने १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडली. हजेरी मांडताना मुकादम रोज म्हणायचा, "सरकार पोसतंय तुम्हाला." ती काही बोलायची नाही. आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. ती खडी पसरलेला रस्ता पुढे डांबरी झाला, आणि हंगामात त्यावरून उसाच्या गाड्या कारखान्याकडे जातात.