मानेवर तोललेली कुस्ती

हलगी घुमू लागते. दोन पैलवान माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात आणि खडाखडी सुरू होते. दुसऱ्याच क्षणी दोघांचाही एकेक हात समोरच्याच्या मानेवर पडलेला असतो. ही गर्दनखेच. इथे ज्याची मान खाली गेली त्याची कंबर वाकते, आणि कंबर वाकली की पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, वाट मोकळी होते. डाव दिसतो पायावर किंवा कमरेवर, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा मानेपासून झालेली असते. जुन्या पैलवानांचे मुडपलेले, गाठी आलेले कान पाहिले की या झटापटीत किती वर्षं गेली याचा अंदाज येतो.

महाराष्ट्रातल्या तालमींनी मानेच्या मेहनतीला एवढं महत्त्व का दिलं, याचं उत्तर मातीतल्या कुस्तीच्या निकालात आहे. निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत. पाठ मातीला लागली की चितपट, नाही तर कुस्ती चालूच. खाली गेलेला, पालथा पडलेला, पूर्ण दबलेला पैलवानही तोवर हरलेला नसतो. वरचा गडी घिस्सा ओढतो, घुटना ठेवतो, मानेचा कस काढतो, म्हणजे मान वळवून खालच्याला उलटं करू पाहतो. अशा वेळी मान वळली नाही तर अंगही वळत नाही. आणि वळलंच, तरी खालच्याला एक वाट उरते: टाळू मातीत रोवायची, टाचा रोवायच्या आणि दोन्ही खांदे जमिनीपासून वर धरायचे. तेवढ्या चार बोटांच्या अंतरावर कुस्ती जिवंत राहते, आणि ते अंतर मान राखते.

मल्लांच्या मेहनतीचा लेखी पुरावा इकडे बराच जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांनी वजन उचलावं, पाण्यात श्रम करावेत, खांबावर सराव करावा असं त्यात येतं. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. विसाव्या शतकात बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. वस्तादाकडून पठ्ठ्याकडे तोंडी जाणारी विद्या अशी कागदावर उतरवून ठेवणाऱ्या या माणसाचे मराठी वाचकांवर मोठे उपकार आहेत.

मानेच्या मेहनतीला मात्र फार साधनं लागलीच नाहीत. स्वतःच्या अंगाचं वजन आणि जोडीदाराचे हात, एवढ्यावर भागलं. पहाटे आखाडा खोदून माती भुसभुशीत केली जाते. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ राखलेली असते. त्या मातीत डोकं टेकवायचं, पाय मागे ताठ ठेवायचे, हात सुरुवातीला जमिनीवर. मग डोकं जागचं न हलवता अंग पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे झुकवायचं. कपाळापासून टाळूपर्यंत माती चिकटते आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरासारख्या तटतटून येतात. हे अंगवळणी पडलं की उताणं होऊन तेच: गुडघे मोडलेले, टाचा जमिनीत, कंबर वर आणि सगळा भार डोक्यावर व पायांवर. आजची पोरं याला सरळ ब्रिज म्हणतात. त्यापुढची पायरी म्हणजे हात छातीवर घेऊन, डोकं मध्यभागी ठेवून पायांनी त्याभोवती फिरत जाणं. जोडीदार असेल तर तो कपाळावर, कानशिलावर किंवा मानेमागे तळवा ठेवून दाबतो आणि पठ्ठ्याने मान हलू द्यायची नाही. रोजच्या जोरांमध्येही मानेचा वाटा असतो, कारण अंग खाली जाऊन वर येताना डोकं दर वेळी उचललं जातं.

हे करायला वस्ताद समोर लागतो, आणि ही गोष्ट जितक्या वेळा सांगावी तितकी थोडीच. मानेत सात मणके आहेत आणि त्यांच्या मधून मज्जारज्जू जातो. हातांचा आधार न घेता पहिल्याच आठवड्यात उताणा भार डोक्यावर घेणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. तालमीत आधी जोर-बैठका, मग हात टेकून मानेची मेहनत, आणि खूप पुढे हात सोडणं, असा क्रम पाळण्यात मोठं शहाणपण आहे.

मान तालमीबाहेरही घडते. डहाणूच्या मसोलीपासून तलासरीच्या झरीपर्यंतच्या पट्ट्यात लाकडाच्या मोळ्या, पाण्याचे हंडे, गवताचे भारे डोक्यावरूनच वाहिले गेले. डोक्यावरचा भार मणक्यांवरून सरळ खाली उतरतो आणि मानेचे स्नायू तोल सांभाळतात. कुस्तीत ओढ कधी पुढून, कधी बाजूने, कधी पिळवटून येते. म्हणून पैलवानाला प्रत्येक दिशेची मेहनत वेगळी करावी लागते. कष्टाने घडलेल्या मानेला मात्र कधी कोणी गदा दिली नाही.

तालमीच्या मानेला राजाश्रय मिळाला तो कोल्हापुरात. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं जुनं रिंगण पाहून आले आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. कुस्तीचा हौदा मधोमध आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे मागच्या माणसालाही खालची पकड दिसते. गंगावेश, मोतीबाग अशा तालमींत गावोगावची पोरं राहायला येऊ लागली.

याच मातीतून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले. तिथे पायाखाली माती नव्हती, मॅट होती, आणि नियमही नवे होते. फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

मॅटवर मानेचं काम बदललं. आज पाठ मॅटकडे ठरावीक कोनापलीकडे वळली की प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतात. ब्रिज धरून चितपट होणं टळतं, पण गुण जातात. त्यामुळे खाली पडल्यावर टिकण्यापेक्षा उभ्याने मान न देण्यावर भर आला. मानेच्या मेहनतीची गरज मात्र कमी झाली नाही, आणि ती कुस्तीपुरतीही नाही. अमेरिकेत ६,७०४ शालेय खेळाडूंची मान मोजून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. फुटबॉल (सॉकर), बास्केटबॉल, लॅक्रोस खेळणारी ही मुलं. मानेची ताकद एक पौंडाने वाढली की डोक्याला धक्का बसून मेंदूला इजा होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी घटलेली आढळली.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आता माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांसमोर उभे ठाकतात, आणि सलामी झाल्यावर त्यांचाही पहिला हात मानेवरच जातो.