मगनदीप
मगनदीप : खनिज तेलाऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा दिवा. वर्धा येथील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तो तयार केला. म. गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे होते. वर्ध्यालगतच्या नालवाडीत विनोबा भावे १९३२ च्या अखेरीपासून राहत होते. तेथेही सूतकताई, कातडी कमावणे इ. उद्योगांचे प्रयोग चालत. मगनदीप हे याच वातावरणाचे फळ होय.

रॉकेलमुळे खेड्यातील रोख पैसा बाहेर जातो, उलट करंज, कडूनिंब यांच्या बिया गावातच वाया जातात, हा ग्रामोद्योगवाद्यांचा मुख्य आक्षेप होता. खनिज तेल हा संपणारा साठा आहे, तर बियांचे तेल दरवर्षी नव्याने मिळते, हा भेद कुमारप्पांनी आग्रहाने मांडला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यावर रॉकेलची टंचाई वाढली आणि या विचाराला व्यवहाराचे बळ मिळाले.

रॉकेलच्या कंदिलात नुसते गोडेतेल ओतून भागत नाही. वनस्पतिज तेलाची श्यानता (दाटपणा) रॉकेलच्या सु. वीसपट असते. त्यामुळे केशाकर्षणाने ते वातीतून फार उंच चढत नाही व ज्योत मंदावते. म्हणून अशा दिव्यात तेलाची पातळी ज्योतीच्या जवळ ठेवावी लागते. तेल जळून पातळी उतरली की प्रकाशही उतरतो. ज्योतीभोवतीच्या काचेमुळे हवेचा ओघ वाढून ज्वलन अधिक पूर्ण होते. हवा अपुरी पडल्यास काजळी धरते. हे तेल सहज पेट घेत नाही, त्यामुळे दिवा कलंडला तरी भडका उडण्याचे भय कमी असते. हा गुण फारसा सांगितला जात नाही, पण गवताच्या छपराखाली तो मोलाचा होता.

उणिवाही होत्या. वातीवर काजळीचा थर साचून ती वारंवार झाडावी लागते. मोहाचे तेल तर विदर्भातील हिवाळ्यात थिजते. कुमारप्पांचा हिशेब गावातील पैशाचा होता. गिऱ्हाईक मात्र मुलाच्या पुस्तकावर पडणारा उजेड पाही. स्वातंत्र्योत्तर काळात वीज येईपर्यंत बहुतेक खेड्यांत रॉकेलचीच चिमणी व कंदील जळत राहिले. संघाच्या तेलविषयक कामापैकी सुधारलेल्या घाणीचा प्रसार मात्र ‘वर्धा घाणी’ या नावाने झाला.