तळटीप : कस्तूर पक्षी

१. ग्रंथकर्त्यांनी येथे पहाटेच्या ज्या शिळेचा उल्लेख केला आहे, ती गुराख्याची नसून कस्तूर पक्ष्याची असली पाहिजे. कारण उजाडण्यापूर्वीच, विशेषतः पर्जन्यकाळात, ओढ्याच्या घळीतून उमटणारी आणि एका सुरावर न ठरता स्वैर भटकणारी ही शीळ इतकी मानवी वाटते की, इंग्रज अंमलदारांनी या पक्ष्यास शीळ घालीत जाणाऱ्या उनाड शाळकरी पोराची उपमा दिली, आणि ती गैरवाजवी म्हणवत नाही. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी दुरून निव्वळ काळा भासतो. परंतु तिरपे ऊन अंगावर पडताच कपाळ व खांदे तेजस्वी नीलवर्णाने झळकतात, आणि उर्वरित देहही काळा नसून गर्द निळसर असल्याचे ध्यानी येते. चोच व पाय काळे, नर-मादी सारखीच. मुक्काम प्रामुख्याने सह्याद्रीत, म्हणजे आंबोली, महाबळेश्वर यांसारख्या दाट झाडीच्या मुलखात, आणि तेथेही वाहत्या पाण्यापासून तो सहसा फारसा दूर जात नाही. छायाच्छन्न ओढ्यातील ओल्या कातळांवर उड्या मारीत तो जलकीटक, गांडुळे, गोगलगायी, लहान बेडूक आणि खेकडे टिपतो. रानफळांचेही त्यास वावडे नाही. शेवाळ, मुळ्या व चिखल यांचे घरटे बहुधा धबधब्यालगतच्या कपारीत असते, क्वचित मनुष्यवस्तीतील इमारतीच्या आडोशालाही आढळते.—संपादक